पेशी तर नॉर्मल आहेत, मग अंग काळंनिळं का पडतं?

माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगावर कुठे ना कुठे निळा डाग असायचाच. कधी नडगीवर, कधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कधी दंडावर. कुठे आपटलीस असं विचारलं तर तिला आठवायचं नाही. "हिची कातडीच नाजूक आहे" हे घरात ठरून गेलं होतं आणि तिनेही ते मुकाट्याने मान्य केलं होतं. पुढे मी लॅबमध्ये, हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्ततपासणीच्या, विभागात कामाला लागले आणि अशा डागांमागची कारणं रोज नळ्यांमधून हाताखालून जायला लागली. मी डॉक्टर नाही. पण रक्त घेण्यापासून रिपोर्ट छापून बाहेर पडेपर्यंत काय काय होतं, ते जवळून बघते. सहज काळंनिळं पडणाऱ्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचावं म्हणून हे लिहितेय.

आधीच सांगते, अंगावर सहज डाग पडणाऱ्या बहुतेकांना कुठलाही आजार नसतो. काहींचे डाग वयामुळे असतात, काहींचे औषधांमुळे, तर काहींची त्वचा खरंच पातळ असते. पण थोड्या लोकांमध्ये रक्त थांबवण्याच्या यंत्रणेतच काहीतरी कमी असतं. ते आधी कळलं नाही तर दाढ काढताना, ऑपरेशनच्या टेबलावर किंवा बाळंतपणात कळतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. कोण कुठल्या गटातलं, हे ओळखायचं काम सर्वांत जास्त करतात ते डॉक्टरांचे प्रश्न. तपासण्या त्यानंतर येतात. मशीनशेजारी बसणारी असूनही मी हे ठामपणे म्हणते.

मुका मार लागतो तेव्हा वरची कातडी शाबूत राहते, पण तिच्याखालच्या बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूला झिरपतं. आधी लालसर-जांभळा दिसणारा डाग मग निळा, हिरवट, पिवळा आणि शेवटी तपकिरी होत जातो. शरीर त्या सांडलेल्या रक्ताची विल्हेवाट लावत असतं, म्हणून हे रंग बदलतात. हिमोग्लोबिन तुटून आधी बिलिव्हर्डिन बनतं, ते हिरवं. त्याचं पुढे बिलिरुबिन होतं, ते पिवळं. काविळीत डोळे पिवळे करतं तेच हे द्रव्य. उरलेलं लोह हिमोसिडेरिनच्या रूपात काही काळ त्वचेत राहतं, त्याची तपकिरी झाक असते. साधारण दोन आठवड्यांत डाग जातो. मात्र रंग बघून "हा चार दिवसांपूर्वीचा" असं कुणी खात्रीने सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. त्वचेचा मूळ रंग, डागाची खोली आणि शरीराचा भाग यांप्रमाणे ही चाल बदलते. डाग खालीही सरकतो. कपाळाला टेंगूळ आलं की दुसऱ्या दिवशी डोळ्याभोवती काळं होतं आणि गुडघ्याचा मार घोट्याजवळ दिसतो. त्यामुळे "इथे तर मला लागलंच नव्हतं" हे पुष्कळदा खरं असतं.

वाहिनी फुटल्यावर रक्त थांबतं ते तीन गोष्टींच्या जोरावर. पहिली म्हणजे वाहिनीची भिंत आणि तिला आधार देणारं कोलॅजन हे धाग्यांसारखं प्रथिन. दुसरी म्हणजे प्लेटलेट्स, ज्यांना आपण नुसतं 'पेशी' म्हणतो. तिसरी म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं, म्हणजे फॅक्टर. यांच्या मध्ये आणखी एक प्रथिन काम करतं, त्याचं नाव वॉन विलेब्रँड फॅक्टर. एरवी ते रक्तात गुंडाळलेल्या दोरासारखं वाहत असतं. जखम झाली की उघड्या पडलेल्या कोलॅजनला चिकटतं, वाहत्या रक्ताच्या ओढीने उलगडतं आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्लेटलेट्सना धरून ठेवतं. प्लेटलेट्सचा तो पहिला बांध पक्का करायला मग फॅक्टरांच्या कामातून फायब्रिनची, म्हणजे चिवट प्रथिनधाग्यांची, जाळी विणली जाते.

यातलं काय बिघडलंय त्याप्रमाणे रक्तस्रावाची तऱ्हा बदलते. प्लेटलेट्स किंवा वॉन विलेब्रँड कमी पडले तर रक्त लगेच आणि वरवरच्या ठिकाणी येतं. घोळणा फुटतो, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, पाळीत अंगावरून फार जातं, त्वचेवर डाग पडतात. प्लेटलेट्सची संख्याच फार घसरली तर पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपकेही दिसतात. फॅक्टर कमी असतील, म्हणजे हिमोफिलियासारखा आजार असेल, तर पहिला बांध नीट बसतो पण टिकत नाही. मग रक्तस्राव काही तासांनी सुरू होतो आणि तो खोलवर, स्नायूंमध्ये किंवा गुडघा-कोपराच्या सांध्यात होतो. म्हणून अनुभवी डॉक्टर नुसतं "रक्त जातं का?" एवढ्यावर थांबत नाहीत. कुठून, मार लागल्यावर किती वेळाने, आणि थांबायला किती वेळ लागतो, हे विचारतात.

आता त्वचेबद्दल. माझ्या आईच्या दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला आणि कोपराखाली गडद जांभळे, कडा स्पष्ट असलेले डाग येतात. दाराच्या कडीला हात घासला तरी पुरतं. ते दुखत नाहीत. हळूहळू जातात आणि मागे तपकिरी खूण ठेवून जातात. इंग्रज डॉक्टर थॉमस बेटमन यांनी 1818 साली या डागांचं वर्णन केलं होतं. कारण साधं आहे. वय आणि वर्षानुवर्षांचं ऊन यांमुळे त्वचेतलं कोलॅजन विरळ होतं, खालची चरबीची गादी पातळ होते आणि केशवाहिन्यांना आधार उरत नाही. रक्त गोठण्यात काहीच दोष नसतो, रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात. आईला मात्र चारचौघांत हात दाखवायची लाज वाटायला लागली होती. डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले, पाठ, पोट, पाय तपासले, तोंडात टॉर्च मारून बघितलं, आणि म्हणाले, "आजी, हे रक्ताचं दुखणं नाही, कातडीचं वय आहे." तो दिलासा तिला फार मोठा होता. आता ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालते, उन्हात जाताना सनस्क्रीन लावते आणि त्वचा कोरडी पडू देत नाही. या वयात कातडी नुसती काळी पडत नाही, फाटतेही. त्याची काळजी जास्त घ्यायला हवी.

स्टेरॉइड दीर्घकाळ घेतलं तरी त्वचेचं असंच होतं. गोळ्यांनी होतं, रोज चोळलेल्या मलमांनी होतं आणि दम्याच्या पंपातून मोठा डोस बरीच वर्षं गेला तरी होऊ शकतं. शरीर स्वतःच जास्त कॉर्टिसॉल, म्हणजे त्याचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवायला लागलं तर त्याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. त्यात डागांबरोबर पोटावर रुंद जांभळे पट्टे येतात, चेहरा गोल होतो आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं जड जातं.

औषधांच्या प्रश्नाचं उत्तर लोक सगळ्यात अर्धवट देतात. "बीपीची एक गोळी" म्हणतात आणि रोजची ॲस्पिरिन सांगायची राहते, कारण ती इतकी छोटी आणि इतक्या वर्षांची झालेली असते की औषध वाटतच नाही. ॲस्पिरिन प्लेटलेटचं एक एन्झाइम कायमचं बंद करते. ती प्लेटलेट जगेपर्यंत, म्हणजे 7 ते 10 दिवस, दुबळीच राहते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचा असर तात्पुरता असतो, औषध शरीरातून गेलं की जातो. पॅरासिटामॉलचा प्लेटलेट्सवर तसा परिणाम होत नाही, म्हणून डाग पडणाऱ्यांना दुखण्यासाठी बहुधा तेच सुचवतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन ही तर रक्त गोठू नये म्हणूनच दिलेली औषधं आहेत. नैराश्यासाठी दिल्या जाणाऱ्या सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळ्या प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन कमी करतात आणि त्यानेही काहींना डाग पडतात. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. फिश ऑइल, जिन्को, व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल हे सगळंही डॉक्टरांना सांगायचं असतं, 'नैसर्गिक' आहे म्हणून वगळायचं नाही. सरळ सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या पिशवीत घालून घेऊन जा. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते: डाग पडतात म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट किंवा कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाने ती अचानक थांबवली तर जे होतं, त्याच्यापुढे निळे डाग काहीच नाहीत.

माझ्या बहिणीचं यातलं काहीच नव्हतं. ती तरुण होती, कुठलंच औषध घेत नव्हती. एका डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायला सांगितलं. प्लेटलेट्स अडीच लाखांच्या आसपास, म्हणजे दीड ते साडेचार लाखांच्या नॉर्मल हद्दीत आल्या. "पेशी नॉर्मल आहेत, काही नाही" असं सांगून तिला घरी पाठवलं. विषय तिथेच मिटला आणि बरीच वर्षं मिटलेलाच राहिला. मला आजही त्याचा राग येतो. प्लेटलेट्सची संख्या नॉर्मल असणं म्हणजे त्यांचं काम नॉर्मल असणं नव्हे, आणि त्यांना धरून ठेवणारं प्रथिन पुरेसं आहे याची खात्री तर त्या आकड्यातून अजिबात होत नाही.

पुढे एका रक्तविकारतज्ज्ञ बाईंकडे जाणं झालं. त्यांनी सुईला हातसुद्धा लावला नाही, आधी नुसतं विचारत राहिल्या. मी बाजूला बसले होते.

"डाग केवढा असतो? नखाएवढा की तळहाताएवढा?" "एका वेळी उघड्या भागावर पाचपेक्षा जास्त असतात का?" "घोळणा फुटतो का? फुटला तर दहा मिनिटांत थांबतो की नाही?" "दाढ काढली आहे का कधी? रात्री उशी खराब झाली होती का? परत टाका घालायला जावं लागलं का?" "भाजी चिरताना कापलं तर किती वेळ दाबून धरावं लागतं?"

बहिणीने दाढेचं सांगितलं. काढल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत रक्त येत राहिलं होतं, पण "दातांचं असंच असतं" म्हणून तिने ते मनावर घेतलं नव्हतं. मग बाई पाळीवर आल्या.

"पॅड किती वेळाने बदलावं लागतं?"

"पहिले दोन दिवस तासाभराने. पण ते तर सगळ्यांचंच असतं ना?"

"रात्री उठून बदलावं लागतं? गाठी पडतात? कपडे, गादी खराब होते?"

"हो. मी खाली टॉवेल घालूनच झोपते. आईचंही असंच होतं. मावशीचंही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही," त्या म्हणाल्या, "हे सगळ्यांचं नसतं. तुमच्या घरातल्या बायकांचं आहे." मग कागदावर त्यांनी आमच्या घराची वंशावळ काढायला घेतली. मावशीला पहिल्या बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं. आजोबांचं नाक सारखं फुटायचं. मामाचं टॉन्सिलचं ऑपरेशन झाल्यावर त्याला पुन्हा आत घ्यावं लागलं होतं. या सगळ्या गोष्टी घरात वेगवेगळ्या प्रसंगी सांगितल्या गेल्या होत्या. एका कागदावर त्या कुणीच मांडल्या नव्हत्या.

या प्रश्नांना गुण द्यायची एक पद्धत आहे. रक्त गोठण्याच्या विषयावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएसटीएचने, 2010 साली ती ठरवून दिली. नाक, त्वचा, तोंड, किरकोळ जखमा, दात, ऑपरेशन, पाळी, बाळंतपण, स्नायू, सांधे अशा चौदा गोष्टींना प्रत्येकी शून्यापासून चारपर्यंत गुण. पुरुषांमध्ये 4 किंवा त्याहून जास्त, बायकांमध्ये 6 किंवा जास्त आणि मुलांमध्ये 3 किंवा जास्त बेरीज आली तर पुढे खणायचं. लहान मुलांच्या बाबतीत कमी गुणांवर विसंबता येत नाही. ज्याची कधी दाढ काढलेली नाही, ऑपरेशन झालेलं नाही, पाळी सुरू झालेली नाही, त्याच्या रक्ताची परीक्षाच अजून झालेली नसते.

प्रश्नांनंतर अंग तपासतात, आणि तेही नीट, कपड्यांआडचं सुद्धा. नडग्या आणि मांड्यांवरचे डाग रोजच्या धडकांचे असू शकतात. पाठ, पोट, छाती इथले डाग जास्त विचार करायला लावतात. लाल ठिपके बोटाने किंवा काचेने दाबून बघतात. नुसती लाली असेल तर दाबल्यावर फिकी होते, रक्त सांडलेलं असेल तर जात नाही. ठिपके हाताला उंचवटल्यासारखे लागले तर वाहिन्यांच्या सुजेची शंका येते. प्लीहा, यकृत, मानेतल्या-काखेतल्या गाठी चाचपतात. करंगळी मागे नव्वद अंशांच्या पलीकडे जाते का, अंगठा मनगटाला टेकतो का, हेही करून बघतात, कारण एहलर्स-डॅनलॉससारख्या आजारांत कोलॅजनच सदोष असतं. त्यांचा एक प्रकार मोठ्या धमन्यांनाही धोका करतो. हिरड्या सुजलेल्या आहेत का, केसांच्या मुळाशी ठिपके आहेत का, केस वेटोळे झालेत का, हे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेसाठी. स्कर्व्ही आजही दिसतो, विशेषतः एकटे राहणाऱ्या, नीट न खाणाऱ्या वृद्धांमध्ये.

तपासताना बाईंनी मला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. तेव्हा मला ते विचित्र वाटलं. बहिणीने नंतर सांगितलं की त्यांनी शांतपणे विचारलं होतं, घरी कुणी मारतं का, भीती वाटते का. तिच्या बाबतीत उत्तर 'नाही' होतं. पण हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि सोबतच्या माणसाला बाहेर काढूनच विचारला पाहिजे. मुलांच्या बाबतीत तर याला आणखी महत्त्व आहे. चालायला लागलेल्या मुलाची नडगी आणि कपाळ काळंनिळं असणं अगदी स्वाभाविक आहे. जे बाळ अजून रांगतही नाही त्याच्या अंगावर डाग असणं स्वाभाविक नाही. कान, मान, पोट, ढुंगण इथले डाग तर नाहीतच. असं बाळ आलं की रक्ताच्या आजाराची आणि इजेची, दोन्ही चौकश्या एकदम व्हायला हव्यात. एकीसाठी दुसरी मागे ठेवायची नाही.

मग येतात आमच्याकडच्या तपासण्या. पहिल्या फेरीत सीबीसी, काचेवरचा स्मिअर, पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या दोन चाचण्या), शिवाय यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या. यकृत बिघडलं तर गोठवणारी प्रथिनंच कमी बनतात. मूत्रपिंड निकामी झालं तर प्लेटलेट्स संख्येने पुरेशा असूनही आळसावतात.

स्मिअरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हे काम मी स्वतः करते. एकदा मशीनने एका पेशंटच्या प्लेटलेट्स 42,000 दाखवल्या. माणूस ठणठणीत, अंगावर एक ठिपका नाही. रक्ताचा थेंब काचेवर ओढून, रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला. मधल्या भागात प्लेटलेट्स तुरळक होत्या, पण स्लाइडच्या शेवटच्या पातळ कडेला गेले तर तिथे त्यांचे जांभळे पुंजके एकमेकांना चिकटून बसलेले. जांभळ्या टोपीच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही लोकांच्या प्लेटलेट्स त्यात नळीतच गोळा होतात आणि मशीन त्या पुंजक्यांना प्लेटलेट्स म्हणून मोजत नाही. सायट्रेट नावाचं दुसरं रसायन असलेल्या निळ्या टोपीच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, आलेल्या आकड्यात सायट्रेटने पातळ झालेल्या रक्ताचा दहा टक्क्यांचा हिशेब मिळवला, आणि संख्या दोन लाखांच्या वर निघाली. हे पाहिलं गेलं नसतं तर त्या माणसाला नसलेल्या आजाराचे उपचार सुरू झाले असते. म्हणून प्लेटलेट्स अचानक कमी आल्या आणि अंगावर काहीच खूण नसली तर "स्मिअर बघितला का?" असं जरूर विचारा. उलटही होतं. स्मिअरमध्येच कधी न पिकलेल्या, मोठ्या केंद्रकाच्या पेशी दिसतात आणि ल्युकेमियाचा पहिला सुगावा तिथे लागतो.

निळ्या टोपीच्या नळीचंही एक पथ्य आहे. तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट लागतं, म्हणून ती खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. अर्धी भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला उगाच जास्त वेळ लागल्यासारखं दिसतं. आम्ही अशी नळी परत पाठवतो. पेशंटला पुन्हा टोचून घ्यावं लागतं, तो चिडतो, पण त्याला पर्याय नाही.

पीटी किंवा एपीटीटी लांबलेली आली तर पेशंटचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्तातला द्रव, निरोगी प्लाझ्मात निम्मा-निम्मा मिसळून बघतात. वेळ नॉर्मलवर आली तर एखादा फॅक्टर कमी आहे. आली नाही, तर रक्तात फॅक्टरला अडवणारं काहीतरी आहे. कानाच्या पाळीला किंवा हाताला बारीक चीर देऊन टिपकागदाने रक्त टिपत बसायची ब्लीडिंग टाइम चाचणी, जी ड्यूक यांनी 1910 साली आणली, ती आता बहुतेक ठिकाणी बंद झाली आहे. ऑपरेशनमध्ये कोणाला रक्तस्राव होईल हे तिच्यातून सांगता येत नाही.

आणि या साऱ्या तपासण्या नॉर्मल येऊनही वॉन विलेब्रँडचा आजार असू शकतो. प्लेटलेट्सच्या कामातला दोष असू शकतो. फॅक्टर तेराची कमतरता असू शकते, जी पीटीतही दिसत नाही आणि एपीटीटीतही नाही. बहिणीचं नेमकं हेच झालं होतं.

तिचा वॉन विलेब्रँडचा पहिला रिपोर्ट 61 आला. 50 ते 200 नॉर्मल. बाईंनी तारीख पाहिली आणि विचारलं, "त्या आठवड्यात ताप होता का?" होता. हे प्रथिन ताप, ताण, धावपळ, गरोदरपण यांत वर चढतं. जिना पळत चढून आलेल्या किंवा सुईला घाबरून रडणाऱ्या मुलाचा आकडाही फुगलेला येऊ शकतो. ओ रक्तगट असणाऱ्यांमध्ये ते मुळातच साधारण पाव हिश्शाने कमी असतं. नळी लॅबला येताना बर्फावर ठेवली तर खोटंच कमी येतं. एवढं सगळं बघून बाईंनी काही आठवड्यांनी, ती पूर्ण बरी असताना, पुन्हा रक्त घ्यायला लावलं. या वेळी 36 आलं, आणि त्याचं कामही त्याच प्रमाणात कमी. आजाराचा पहिला प्रकार, सगळ्यात जास्त आढळणारा आणि बहुधा सौम्य. मग आई, मावशी, मामा अशा सगळ्यांच्या नळ्या आल्या.

हा आजार पहिल्यांदा नोंदवला तो फिनलंडच्या एरिक वॉन विलेब्रँड यांनी, 1926 साली. ऑलंड बेटांवरच्या एका लहान मुलीला त्यांच्याकडे आणलं होतं. तिच्या काही बहिणी रक्तस्रावाने लहानपणीच गेल्या होत्या. त्या कुटुंबात बायकांनाही रक्तस्राव होत होता, म्हणजे हा मुख्यतः पुरुषांना होणारा नेहमीचा हिमोफिलिया नव्हे, हे त्यांच्या लक्षात आलं. ती मुलगी तेरा वर्षांची असताना, चौथ्या पाळीच्या रक्तस्रावात गेली. पाळीच्या वेळी अंगावरून फार जाणाऱ्या मुलींना अजूनही "होईल सवय" म्हणून गप्प केलं जातं तेव्हा मला ती मुलगी आठवते. एखादीची पाळी पहिल्यापासूनच फार जोराची असेल आणि अंगावर डाग पडत असतील, तर रक्त गोठण्याची तपासणी ही तिच्या हक्काची गोष्ट आहे.

बहिणीचं आता बरं चाललंय. पाळीच्या दिवसांत ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या घेते. त्या जमलेली गुठळी लवकर विरघळू देत नाहीत. डेस्मोप्रेसिन देऊन तिच्या वाहिन्यांच्या अस्तरात साठलेलं वॉन विलेब्रँड किती बाहेर येतं हे आधीच तपासून ठेवलंय, म्हणजे पुढची दाढ काढताना काय द्यायचं ते ठरलेलं आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, तळाला गेलं होतं, त्यासाठी लोहाच्या गोळ्या चालू आहेत. इतकी वर्षं ती 'आळशी' म्हणून ऐकून घेत होती तो थकवा त्यातला होता. पर्समध्ये आजाराचं नाव लिहिलेलं कार्ड असतं. डाग अजूनही पडतात. पडले की कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावते, पाय उंच ठेवते, चोळत मात्र नाही.

थांबून बघत बसायचं नाही अशा काही गोष्टी आहेत. आजवर कधी न पडणारे डाग एकाएकी बरेच पडू लागले, पायांवर लाल ठिपक्यांचा सडा पडला, तोंडात रक्ताचे फोड आले, सोबत ताप, वजन घटणं, फिकेपणा किंवा न जाणारा थकवा असला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप आहे आणि काचेचा पेला दाबूनही पुरळ फिकं होत नाही, तर थेट इमर्जन्सीत जा. मेंदूज्वराच्या जंतूंचा रक्तातला संसर्ग काही तासांत जीव घेतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याचं डोकं आपटलं तर वरून काही दिसत नसलं तरी दाखवा. विषाणूचा ताप येऊन गेल्यावर मुलाच्या अंगावर अचानक डाग आणि ठिपके आले तर घाबरून जाऊ नका, पण रक्त तपासा. आयटीपीमध्ये शरीर आपल्याच प्लेटलेट्स नष्ट करतं, आणि बहुतेक मुलं सहा महिन्यांच्या आत आपोआप बरी होतात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी डागांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, तारखेसह. दाढा, ऑपरेशनं, बाळंतपणं, घोळणा, पाळी हे सगळं घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून न्या. आजी-आजोबांचंही.

आणि सगळ्या तपासण्या, खोलातल्या सुद्धा, नॉर्मल आल्या आणि गुणांची बेरीज मात्र जास्तच राहिली तर? असे पेशंट आमच्याकडे नियमित येतात. चांगले तज्ज्ञ त्यांना "काही नाही" म्हणून घरी पाठवत नाहीत. 'कारण न सापडलेला रक्तस्रावाचा विकार' अशी त्यांची नोंद होते, फाइल उघडी राहते, आणि दाढ काढायची असो वा बाळंतपण असो, त्यांना ट्रानेक्झॅमिक ॲसिड देऊन, रक्ताची सोय करून, आजार सापडलेल्या पेशंटइतकीच तयारी ठेवली जाते.